हप्ता चुकला तर फोन येतो, गिझर धोक्याचा निघाला तर कोण सांगतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात "शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज" ही ओळ इतक्या वेळा येते की आता वाचताना नजर तिच्यावरून घसरूनच जाते. घर जळालं, संसारोपयोगी साहित्य खाक झालं, पोलिसांनी पंचनामा केला, अंदाज शॉर्टसर्किट, संपलं. तो प्राथमिक अंदाज पुढं कधी पक्का झाला का, हे छापून आलेलं मला तरी आठवत नाही. शॉर्टसर्किट झालं ते नक्की कशात? भिंतीतल्या वायरीत, फ्रिजच्या मागं, एसीत, मोबाईलच्या चार्जरमध्ये? फ्रिज असेल तर कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल, किती साली घेतलेला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेच मॉडेल आत्ता या घडीला आणखी किती जणांच्या स्वयंपाकघरात घुर्र करत चालू आहे? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि त्यासाठीच हे पत्र लिहितेय. लांब झालंय, कापायचं तर कापा, पण लाईट बिलाचा भाग तेवढा ठेवा.

माझ्या धाकट्या भावाचं तालुक्याच्या गावी मिक्सर-फ्रिज-टीव्हीचं दुकान आहे. बँकेतून रिटायर झाल्यापासून त्याचे हिशोब मीच बघते, त्यामुळे एक फ्रिज कंपनीतून निघून गिऱ्हाइकाच्या घरात पोचेपर्यंत त्याची नोंद कुठंकुठं होते ते मला नीट माहितीय. डिस्ट्रिब्युटरच्या बिलावर सिरीयल नंबर असतो. आमच्या बिलावर सिरीयल नंबर आणि गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर. हप्त्यावर घेतला तर फायनान्सवाल्याच्या सिस्टीममध्ये सिरीयल नंबर चढल्याशिवाय डिलिव्हरीच निघत नाही. मग इन्स्टॉलेशनला कंपनीचा पोरगा येतो, तो मागच्या स्टिकरचा फोटो काढतो, "मॅडम, ओटीपी सांगा" म्हणतो, ओटीपी सांगितला की नाव, पत्ता, पिनकोड सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. त्यानंतर त्याच नंबरवर दसऱ्याची ऑफर येते, दिवाळीची येते, "तुमची वॉरंटी संपत आलीय, एएमसी घ्या" असा मेसेज येतो, आणि हप्ता एक दिवस उशिरा गेला तर सकाळी नऊच्या आत फोन. म्हणजे गिऱ्हाईक सापडत नाही असा प्रकार मुळीच नाही, पैसे घ्यायचे असतात तेव्हा तो बरोबर सापडतो. पण एखाद्या बॅचच्या गिझरचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा भाग, चिकटतोय आणि जादा तापलं तर बंद करणारा कटआउटपण चालत नाहीये असं कंपनीला कळलं, तर तोच नंबर वापरून "आत्ताच्या आत्ता बटण बंद करा, आमचा माणूस येतोय" असा मेसेज इतक्या वर्षांत आमच्या दुकानातल्या एकाही गिऱ्हाइकाला आलेला मी ऐकलेला नाही. आमच्याकडचा सगळाच माल कायम निर्दोष होता असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणू दे.

आणि कंपनीला कळत नाही असंही नाही, सगळ्यात आधी तिलाच कळतं. आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींच्या वॉशिंग मशीनमधून जळका वास यायला लागला, वॉरंटी संपलेली. सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला, त्यानं मागचं झाकण उघडलं आणि अगदी सहज म्हणाला, "या मॉडेलला हा प्रॉब्लेम येतोच वहिनी, कंपनीनं आता नवीन पीसीबी काढलाय." पीसीबी म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किटचं कार्ड. मी तिथंच उभी होते. एवढं बोलून त्यानं जॉबशीटवर कारण काय लिहिलं? व्होल्टेज फ्लक्चुएशन. नव्या पीसीबीचे पैसे वहिनींनी भरले. त्या पोराला मी दोष देत नाही, त्याला टॅबवर जे पर्याय दिलेत त्यातलाच एक दाबायचा असतो. पण विचार करा, "या मॉडेलला येतोच" हे मेकॅनिकला माहिती, त्याच्या सुपरवायझरला माहिती, ज्यानं नवीन पीसीबी डिझाइन केला त्याला तर माहितीच, फक्त ज्यांच्या बाथरूममध्ये ते मशीन रात्री दोनला टायमर लावून चालतं त्यांनाच माहिती नाही. वास आला आणि तक्रार केली तर बदलून मिळणार, तेही स्वतःच्या पैशानं, वास येईपर्यंत आपलं नशीब.

व्होल्टेज फ्लक्चुएशन हे कारण मोठं सोयीचं आहे. महावितरणवर ढकललं की विषय मिटला, कारण महावितरणबद्दल कुणीही काहीही सांगितलं तरी आपला पटकन विश्वास बसतो.

आता कोणी म्हणेल कायदा आहे की. आहे, आणि कागदावर चांगला आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्याच महिन्यात दिल्लीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उभं राहिलं. कलम २० प्रमाणे हे प्राधिकरण धोकादायक वस्तू बाजारातून आणि लोकांकडून परत घ्यायला लावू शकतं, घेतलेली किंमत परत द्यायला लावू शकतं, आदेश पाळला नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा वीस लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय बीआयएसचा, म्हणजे आयएसआय मार्क देणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोचा, २०१६ चा कायदा आहे, आयएसआय मार्क लावून विकलेला माल त्या स्टँडर्डला उतरत नसेल तर बीआयएस विक्री थांबवून माल परत घ्यायला सांगू शकतं. उत्पादनामुळे इजा झाली तर भरपाईचं वेगळं प्रकरणच नव्या कायद्यात घातलंय, जे १९८६ च्या कायद्यात नव्हतं.

याचा वापर झालेलं एक उदाहरण मला नेहमी आठवतं, ते विजेच्या वस्तूचं नाही, साध्या प्रेशर कुकरचं आहे. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला आयएसआय मार्क सक्तीचा झाला, तरी ऑनलाइन बिनमार्कचे कुकर विकले जात होते. २०२२ मध्ये प्राधिकरणानं ॲमेझॉनला आदेश काढला की असे २,२६५ कुकर तुमच्यावरून विकले गेलेत, त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत द्या, आणि वर एक लाख दंड भरा. फ्लिपकार्टला ५९८ कुकरसाठी तसाच आदेश निघाला. ॲमेझॉन दिल्ली हायकोर्टात गेलं, तर कोर्टानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं की आधी दंड जमा करा आणि गिऱ्हाइकांना कळवा. मला यातला आकडा फार आवडला, २,२६५. सुमारे दोन हजार नाही, अंदाजे नाही, बरोबर २,२६५, म्हणजे कोणाला विकलं हे एकेका नावानिशी माहिती होतं. मग जे कुकरला जमतं ते गिझरला, इस्त्रीला, मिक्सरला, फ्रिजला का जमू नये? ऑनलाइनच कशाला, वर सांगितलं तसं आमच्या तालुक्याच्या दुकानातसुद्धा ते जमतं.

अडचण अशी आहे की हे सगळं कोणीतरी तक्रार केल्यावर, चौकशी झाल्यावर, समोरच्याचं ऐकून घेतल्यावर. कंपनीला दोष कळला की तिनं आपणहून ठराविक वेळेत सरकारला सांगितलंच पाहिजे, असं बंधन आपल्याकडं घरगुती उपकरणांना नाहीये. गाड्यांना आहे बरं का. १ एप्रिल २०२१ पासून गाड्यांच्या रिकॉलचे, म्हणजे सदोष माल परत बोलवायचे, नियम आलेत, सात वर्षांच्या आतल्या गाडीबद्दल ठराविक प्रमाणात तक्रारी आल्या की सरकार सक्तीनं रिकॉल करायला लावू शकतं, दंड एक कोटीपर्यंत. रस्त्यावर माणूस मरू नये म्हणून नियम केला हे चांगलंच झालं, पण आपली स्कूटी दिवसातून तासभर चालते आणि फ्रिज चोवीस तास, तोही माणसं झोपलेली असताना.

अमेरिकेत हा कळवायचा नियम किती कडक आहे त्याचं एक ताजं प्रकरण आहे. ग्री नावाची चीनमधली एसी बनवणारी मोठी कंपनी, तिचे हवेतला दमटपणा ओढून घेणारे डीह्युमिडिफायर पेट घेत होते, २०१३ साली वीस लाखांच्या वर यंत्रं परत बोलवावी लागली. तिथला कायदा म्हणतो, धोका आहे असं कळल्यापासून चोवीस तासांत ग्राहक सुरक्षा आयोगाला सांगा. यांनी महिनोन्महिने सांगितलं नाही. तर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनीच्या अमेरिकन शाखेच्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना ज्युरीनं दोषी धरलं. खराब माल बनवला म्हणून नाही, तर माहिती असून वेळेत कळवलं नाही म्हणून. असं त्या कायद्याखाली पहिल्यांदाच घडलं. आपल्याकडं असा एक जरी खटला उभा राहिला ना, तर जॉबशीटवरचं ते व्होल्टेज फ्लक्चुएशन आठवड्याभरात गायब होईल.

पण परदेशात सगळं छान आहे असं मुळीच समजू नका, ब्रिटनचं उदाहरण वाचून तर मला आपल्याच बिल्डिंगमधलं वाटलं. हॉटपॉइंट, इंडेसिट या नावांनी व्हर्लपूलचे कपडे वाळवायचे ड्रायर तिकडं घरोघरी आहेत. २०१५ च्या शेवटी कंपनीनं मान्य केलं की कपड्यांची निघालेली लव आतल्या हीटिंग एलिमेंटला लागून पेट घेऊ शकते, आणि २००४ पासून विकलेले ५० लाखांहून जास्त ड्रायर असे आहेत. मग काय केलं, परत बोलवले? छे. सांगितलं की आमचा माणूस येऊन दुरुस्त करेल, तोपर्यंत वापरत राहा, फक्त चालू ठेवून घराबाहेर जाऊ नका. दुरुस्तीच्या रांगेत लोक महिनोन्महिने ताटकळले. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेपर्ड्स बुश भागात एका उंच इमारतीत असाच एक ड्रायर पेटला, नशीब म्हणून कोणी दगावलं नाही, आणि ड्रायर लावला होता तेव्हा घरात माणसं होती, म्हणजे कंपनीचा सल्ला पाळूनसुद्धा आग लागायची ती लागलीच. प्लग काढून ठेवा, वापरूच नका, असा स्पष्ट सल्ला यायला २०१७ उजाडलं आणि खरा रिकॉल सुरू झाला जुलै २०१९ मध्ये, तोही सरकारनं आम्हीच सक्ती करू म्हणून सांगितल्यावर. पावणेचार वर्षं! आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्याच कंपनीच्या पाच लाखांवर वॉशिंग मशीन दाराच्या लॉकच्या दोषापायी परत बोलवायची वेळ आली.

त्याच लंडनमधली ग्रेनफेल टॉवरची आग सगळ्यांना आठवत असेल, १४ जून २०१७, ७२ माणसं गेली. एवढी पसरली ती बाहेरून लावलेल्या जळाऊ आवरणामुळे, ते वेगळं प्रकरण आहे, पण सुरुवात एका फ्लॅटमधल्या फ्रिजपासून झाली होती. माझा मुद्दा पुढचाच. दहा दिवसांच्या आत तिथं त्या फ्रिजचं मॉडेल नंबरासकट जाहीर झालं आणि ज्यांच्याकडं तो आहे त्यांनी कंपनीकडे नोंद करा असं सांगण्यात आलं. पुढे तपासण्या झाल्या आणि त्या मॉडेलला रिकॉलची गरज नाही असं सरकारनंच सांगितलं. ठीक आहे, नसेल. पण नंबर तर सांगितला, लोकांनी मागं जाऊन स्टिकर तर बघितलं. आपल्याकडं घरात विजेनं माणूस गेला तर विद्युत निरीक्षकानं चौकशी करायची कायद्यात सोय आहे, वीज कायद्याचं कलम १६१, तिथं अहवालपण होतो. तो अहवाल आपल्यापर्यंत येतो का? यंत्राचा मेक, मॉडेल, बॅच कधी पेपरात येते का? एका तालुक्यात पाणी तापवायच्या एका रॉडनं माणूस गेला, शेजारच्या जिल्ह्यात दुसऱ्या रॉडनं, दोन्ही एकाच कारखान्यातले एकाच महिन्यातले असले तरी ते दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून बघणारं कोणी दिसत नाही.

ऑस्ट्रेलियात तर विनोदच झाला, अर्थात ज्यांची घरं जळाली त्यांच्यासाठी नाही. सॅमसंगच्या वरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनमध्ये पाण्याचा ओलावा वायरच्या जोडापर्यंत जाऊन पेट घेत होता, २०१३ मध्ये १ लाख ४४ हजारांवर मशीन रिकॉलमध्ये आली. दुरुस्ती काय, तर त्या जोडावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून टेप मारायची. आमच्या दुकानातला वायरमनसुद्धा असलं काम करताना आधी इकडंतिकडं बघेल. अशी "दुरुस्त" केलेली काही मशीन नंतरही पेटली, तेव्हा कुठे बदलून द्या, पैसे परत करा हा आग्रह वाढला. म्हणून आपल्याकडं कधी रिकॉलचा कायदा झालाच तर दुरुस्तीवर भागवायचं की नाही हे कंपनीनं ठरवू नये एवढं मी आत्ताच सांगून ठेवते. युरोपनं १३ डिसेंबर २०२४ पासून नवीन नियम लावलाय, त्यात दुरुस्ती, बदली, पैसे परत या तीनमधले निदान दोन पर्याय गिऱ्हाइकापुढे ठेवावे लागतात, आणि नोटिशीत "खबरदारीचा उपाय म्हणून", "स्वेच्छेनं", "क्वचित प्रसंगी" असली मुळमुळीत भाषा वापरायला चक्क बंदी आहे. आपल्याकडच्या जाहिरातीत मात्र पहिल्याच ओळीत लिहितात की आमच्या ग्राहकांची सुरक्षितता हेच आमचं सर्वोच्च प्राधान्य, मग मधे दोन परिच्छेद कंपनीची थोरवी, आणि मॉडेल नंबर शेवटी मुंगीएवढ्या अक्षरात.

आता रिकॉलची खबर लोकांपर्यंत पोचण्याबद्दल, कारण खरं दुखणं तिथंच आहे. ब्रिटनमधली विजेच्या सुरक्षिततेवर काम करणारी एक संस्था सांगते की तिकडं रिकॉल झालेल्या विजेच्या वस्तूंपैकी जेमतेम १० ते २० टक्केच परत येतात किंवा दुरुस्त होतात. तिकडं हे! मग आपल्याकडं काय होईल बघा. आपल्याकडं वस्तू फेकत नाहीत, ती खाली खाली झिरपत जाते. मुंबईतला फ्रिज एक्स्चेंजमध्ये जातो, तिथून सेकंडहँडवाल्याकडं, तिथून होस्टेलच्या पोरांकडं. जुना मिक्सर कामवाल्या ताईंना, जुना टीव्ही गावी, जुनी इस्त्री कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला. बिल पहिल्याच घरी राहिलं, मोबाईल नंबर पहिल्याच मालकाचा. कंपनीनं अगदी प्रामाणिकपणे मेसेज पाठवले तरी जिथं ते यंत्र खरोखर चालू आहे तिथं मेसेज जाणारच नाही, आणि असं यंत्र शेवटी ज्या घरात जातं तिथं बहुतेक अर्थिंगही नसतं.

यावर जपाननं जे केलं ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासॉनिक, त्यांचे रॉकेलवर चालणारे खोली गरम करायचे जुने हीटर होते, १९८५ ते १९९२ मधले. २००५ मध्ये कळलं की आतली रबरी नळी जुनी होऊन चिरते, विषारी वायू खोलीत येतो, माणसं दगावली. यंत्रं तेरा ते वीस वर्षं जुनी, कुठं कोणाकडं आहेत काही पत्ता नाही. कंपनीनं काय केलं, डिसेंबरात ऐन विक्रीच्या दिवसांत टीव्हीवरच्या आपल्या सगळ्या मालाच्या जाहिराती बंद करून त्या जागी फक्त हीच सूचना दाखवली, आणि पुढच्या वर्षी देशातल्या प्रत्येक घरात, साधारण सहा कोटी घरांत, पोस्टकार्ड टाकलं. आमचा हीटर घेतलाय की नाही ते बघितलंच नाही, घर आहे ना, मग कार्ड. नंतर तिथल्या सरकारनं पंखे, एसी, वॉशिंग मशीन यांवर हे यंत्र अंदाजे किती वर्षं सुरक्षित चालेल ते छापायचा नियम २००९ पासून केला, कारण तीस-तीस वर्षं जुन्या पंख्यांनी घरं पेटत होती. आपल्याकडं तीस वर्षांचा पंखा म्हणजे "जुना माल दणकट" म्हणून कौतुकाचा विषय, माझ्याकडंपण आहे एक.

तर आपल्याकडं प्रत्येक घरात जाणारं पोस्टकार्ड कुठलं? आहे की, लाईट बिल! महावितरणचे अडीच कोटींच्या वर ग्राहक आहेत, मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा. जिथं विजेवर चालणारं यंत्र आहे तिथं मीटर आहे, जिथं मीटर आहे तिथं दर महिन्याला बिल जातं, भाडेकरू असो, सेकंडहँड फ्रिज असो, गावाकडं पाठवलेला टीव्ही असो. बिल झालं की एसएमएसही येतो. त्याच बिलाच्या मागच्या बाजूला आज सोलरची नाहीतर ऑनलाइन भरण्याची जाहिरात असते, तिथं मराठीत मोठ्या टायपात चार ओळी, अमुक कंपनीचा अमुक मॉडेलचा गिझर, सिरीयल नंबर इथून इथपर्यंत, वापर बंद करा, या नंबरवर फोन करा, खर्च कंपनीचा. छपाईचे पैसे कंपनीकडून घ्या. यासाठी संसदेत कायदा होईपर्यंत थांबायचीही गरज नाही, ऊर्जा खातं आणि ग्राहक संरक्षण खातं दोन्ही मंत्रालयात आहेत.

लोक प्रतिसाद देणार नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी २००७ चा ऑगस्ट आठवावा. नोकियाच्या बीएल-५सी बॅटऱ्या, जगभरात ४ कोटी ६० लाख, चार्जिंगला लावल्यावर गरम होऊन फुगू शकतात असं कंपनीनं जाहीर केलं. बॅटरीच्या मागचा २६ आकडी-अक्षरी नंबर तपासायचा होता, आणि आपल्याकडं काय झुंबड उडाली होती! बँकेत काउंटरवर आम्ही सगळेच बॅटऱ्या काढून एकमेकांना नंबर वाचून दाखवत होतो, शिपायापासून मॅनेजरपर्यंत. ज्याचं इंग्रजी कच्चं होतं त्यानंही तपासली. कारण बातमी सगळीकडं होती आणि नंबर स्पष्ट दिला होता. लोक बेफिकीर असतात हे मला कधीच पटलेलं नाही.

हां, आपल्याही बाजूला दोष आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. अर्थिंग नसतं, थ्री पिनची जाड पिन मोडून टू पिनमध्ये घुसवतात, एका एक्स्टेन्शनवर फ्रिज, ओव्हन आणि इस्त्री. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, घरात बसवला तर शॉकनं जाणारे कितीतरी जीव वाचतील, पण आपण टाइल्सवर लाख घालतो आणि तिथं हात आखडतो. आमच्या भागात क्षाराचं पाणी, गिझरचं एलिमेंट लवकर खातं, तेव्हा दरवर्षी उघडून बघायला हवं, कोण बघतं? हे सगळं खरंय. पण कंपन्या याच्याआड लपतात ते चूक आहे. वायरिंग आमचं खराब असेल तर सगळ्याच कंपन्यांची मशीनं सारखीच जळायला हवीत, एकाच मॉडेलची का जळतात? आणि हा हिशोब करायचा तर आकडे हवेत, आकडे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरात.

फुटपाथवरचा बिनमार्कचा पाणी तापवायचा रॉड ही तर वेगळीच डोकेदुखी, त्याला परत बोलवणार कोण, बॉक्सवर धड पत्तासुद्धा नसतो. प्राधिकरणानं डिसेंबर २०२१ मध्ये अशा रॉडबद्दल जाहीर सूचना काढली होती, किती जणांनी वाचली कुणास ठाऊक, थंडी पडली की बाजारात ढीग लागतोच. आणि हे फक्त फुटपाथवर नाही, मार्च २०२५ मध्ये बीआयएसनं दिल्लीत ॲमेझॉनच्या गोदामावर छापा घातला तेव्हा साडेतीन हजारांहून जास्त वस्तू बिनमार्कच्या सापडल्या, त्यात गिझर होते, मिक्सर होते. गोदामात सापडल्या त्या जप्त झाल्या हे बरं झालं, पण त्याआधी ज्या विकल्या गेल्या त्या कुणाच्या घरी आहेत? तो प्रश्न परत तिथंच.

आपल्या पेपरकडं माझ्या दोनच मागण्या आहेत. एक, शॉर्टसर्किटची बातमी आली की वार्ताहराला सांगा, कुठलं यंत्र, कुठली कंपनी, कुठलं मॉडेल एवढं अग्निशमन दलाला आणि विद्युत निरीक्षकाला विचार, उत्तर मिळालं तर छापा, नाही मिळालं तर "विचारलं, उत्तर मिळालं नाही" असं छापा. कंपनी जाहिरातदार असेल तरी छापा, हे जरा आगाऊपणाचं वाटेल पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. दोन, महिन्यातून एकदा कोपऱ्यात चौकट द्या, देशात किंवा बाहेर कुठंही रिकॉल झालेलं मॉडेल आपल्याकडंही विकलं जात असेल तर नंबरासकट. राशिभविष्याला रोज जागा मिळते, याला महिन्यातून एकदा मिळायला हरकत नसावी.

मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी लाईट बिलाचा विषय मंत्रालयात लावून धरावा अशीही विनंती. आमच्या दुकानातून सिरीयल नंबर आणि मोबाईल नंबरांची यादी कंपनीला हवी असेल तर भाऊ द्यायला तयार आहे, फक्त ती ऑफरच्या मेसेजसाठी वापरू नका.

कळावे,
आपली,
एक वाचक, नाशिक रोड

ता.क. १) वस्तू घेताना आयएसआय मार्कच्या खाली सीएम/एल नंबर असतो, तो बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकला की लायसन्स कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की संपलं ते लगेच दिसतं. चार्जर, एलईडी बल्ब, पॉवर बँकवर आर पासून सुरू होणारा नंबर असतो, तोही तिथंच तपासता येतो. दुकानदार कटकट करतील, करू द्यात. तक्रारीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. जॉबशीटचा फोटो काढून ठेवा आणि मेकॅनिक तोंडी काय म्हणाला तेही त्यावरच पेनानं लिहून ठेवा, तारीख घालून.

२) गिझर किंवा इस्त्री खरोखरच खराब झाली असेल तर भंगारवाल्याला देताना वायर मुळापासून कापून द्या. नाहीतर नवीन प्लग लावून ती परत कुणाच्यातरी घरी चालू होते.